लॉगबुकातले सहा तास

त्या सहा तासांची गोष्ट निघाली की आमच्या घरात आजही हशा पिकतो, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या पत्नीचा असतो. पोलीस खात्यात मी बावीस वर्षं काढली. दरोडे उघडकीला आणले, फरारी आरोपी उसाच्या फडातून ओढून काढले. त्या केसेस सांगायला लागलो की घरातली माणसं एकेक करून स्वयंपाकघरात सटकतात. ही एकच केस मात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, कारण हिच्यात मी साफ तोंडघशी पडलो होतो.

आधी एक खुलासा करतो. ही घटना मी वर्दीत असतानाची नाही. पोलीस निरीक्षक म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मेहुण्याच्या शिफारशीने दुबईला गेलो. तिथल्या देरा भागात खाडीच्या काठावर एक मालवाहू बोटींची कंपनी होती, तिथे सिक्युरिटी ऑफिसर म्हणून रुजू झालो. राहायला शेजारच्या शारजात, कारण भाडं परवडायचं. रोज सकाळी शारजा ते देरा हा अर्ध्या तासाचा रस्ता मी ट्रॅफिकच्या कृपेने दोन तासांत कापायचो. वर्दी गेली, काठी गेली, हाताखालचे हवालदार गेले. सवयी तेवढ्या राहिल्या. ऑफिसात मी स्टेशन डायरी ठेवायचो. आलेल्या प्रत्येक पाहुण्याची वेळ टाकून नोंद. एकदा पॅन्ट्रीतली साखर कमी झाली तेव्हा मी दोन पंचांसमक्ष डब्याचा पंचनामा केला होता. आमचे मॅनेजर पुण्याचे. ते म्हणाले होते, "साहेब, हे जरा ओव्हर होतंय हां."

कंपनीच्या पाच-सहा बोटींमध्ये एक होती सगळ्यांत जुनी. जेमतेम वीस-बावीस मीटर लांब, पोट गोल नसून सपाट, मधोमध माल ठेवायची कोठी, पुढे माल उचलायची एक यारी आणि मागे उंच धुराडं. ती स्कॉटलंडमध्ये बांधलेली होती. तिथल्या बेटाबेटांवर कोळसा आणि किराणा पोहोचवायला. मूळची वाफेवर चालायची, पुढे केव्हातरी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. पण खाडीवरची कोकणातली जुनी माणसं तिला आगबोटच म्हणायची. तिचे कप्तान रत्नागिरीकडचे. साठीला टेकलेले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. सगळे त्यांना तांडेल म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणतो. नावं कोणाचीच देणार नाही.

तांडेल आणि चार खलाशी दर पंधरवड्याला ती बोट भरून पश्चिमेकडे, अबू धाबीतल्या रुवैस बंदराच्याही पुढे असलेल्या बेटांवर न्यायचे. पीठ, कांदे, गॅसची सिलिंडरं, सिमेंट, पाण्याच्या टाक्या, बकऱ्यांसाठी चारा. मोठ्या जहाजांना जिथे जाणं परवडत नाही तिथे ही जायची.

खबर मिळाली ती अजमानच्या बोटदुरुस्तीच्या यार्डातून. रंगकामासाठी आगबोट पाण्याबाहेर ओढून घेतली होती. तिथला मिस्त्री कच्छी, उभा जन्म लाकूड आणि लोखंड यांच्यात गेलेला. त्याने मला बोटीखाली वाकायला लावलं आणि टॉर्च मारला.

"साब, देखो. यहाँ कलर है?"

नव्हता. सपाट तळाचा मधला सगळा भाग घासून उघडा पडला होता, लोखंड चकचकत होतं.

"खडकावर आदळली असेल," मी माझं ज्ञान पाजळलं.

मिस्त्री हसला. "टकराती तो आगे से लगती, गड्ढा पड़ता. ये तो आराम से बैठी है. एक बार नहीं, बहुत बार."

आता कंपनीचं एक परिपत्रक होतं. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची बोट वाळूत रुतून मोडल्यावर विमावाल्यांनी कानउघाडणी केली होती, त्यामुळे मॅनेजरांनी लिहून काढलं होतं, की आपली कुठलीही बोट तळ टेकवणार नाही. टेकवली तर बोट सेवेतून काढून टाकली जाईल. बेटाला धक्का नसेल तर बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि छोट्या होड्यांनी माल उतरवायचा. तांडेलांच्या लॉगबुकात तळ टेकल्याची एकही नोंद नव्हती.

मी लॉगबुक घेऊन बसलो. मागच्या सहा महिन्यांत प्रत्येक फेरीला एकाच बेटाजवळ एकच वाक्य: 'नांगर टाकला. इंजिन तपासणी.' आणि तपासणी चालायची बरोबर सहा-साडेसहा तास. तीही जवळपास त्याच वेळेला, सकाळी सुरू, दुपारी संपलेली. मला सांगा, घड्याळ लावून बिघडणारं इंजिन कोणी पाहिलंय? माझ्या अंगातला निरीक्षक ताडकन उठून बसला. निर्जन किनारा, खोटी नोंद, ठरलेली वेळ, म्हणजे माल उतरतोय किंवा चढतोय. सिगारेटी असतील, डिझेल असेल, काहीही असेल.

मॅनेजरांना रिपोर्ट केला. ते खुर्चीतून उठले. "ओ माय गॉड. अरबाबला कळलं तर खलास. साहेब, एका महिन्यात मला फुल रिपोर्ट हवा. थेफ्ट प्रूव्ह झाली तर त्याचा व्हिसा कॅन्सल, नेक्स्ट फ्लाइटने घरी." अरबाब म्हणजे आमचे स्थानिक मालक. तांडेलांचा पासपोर्ट त्यांच्याच तिजोरीत होता, तेव्हाची तशीच रीत होती.

रिवाजाप्रमाणे मी आधी घटनास्थळाचा पंचनामा केला. मिस्त्री एक पंच, यार्डाचा वॉचमन दुसरा. बोटीवर एकूण सतरा वस्तूंची नोंद घेतली. एक बांबू, त्यावर खाचा. जाड फळ्यांचा ढीग, कडा झिजलेल्या. सुकाणूच्या केबिनमध्ये, अनुक्रमांक चौदा: 'भिंतीवर एक फ्रेम, काच धुरकट, आत जुना छापील इंग्रजी कागद. तपासाशी संबंध नाही.' आणि अनुक्रमांक पंधरा, जिच्यामुळे माझे डोळे लकाकले: लांब दोरीला बांधलेलं शिशाचं वजन, केळ्याएवढं, खालच्या टोकाला खळगा केलेला. खळग्यात काहीतरी पांढरट, चिकट भरलेलं आणि त्याला वाळू चिकटलेली.

"ये क्या है?" मी इंजिनवाल्याला विचारलं. तो केरळचा.

"वजन, साब."

"और ये सफेद?"

तो दोरी गुंडाळायला लागला. मी ते वजन जप्त केलं, खाकी पाकिटात घातलं, चारही बाजूंनी टेप लावला आणि टेपवर आरपार सही ठोकली. सीलबंद मुद्देमाल. बऱ्याच वर्षांनी छाती भरून आली.

मग जबाब. चारही खलाशांना वेगवेगळं बोलावलं. चौघांनी एकच वाक्य सांगितलं, "नांगर डाला था साब, इंजिन ठंडा कर रहे थे." चौघांचे शब्द तेच, चौघे 'साब' त्याच जागी म्हणाले. खरं पाहिलेली चार माणसं चार तऱ्हांनी सांगतात. एकाला वारा आठवतो, एकाला जेवण. जबाब तंतोतंत जुळले की समजावं, पाठ करून आलेत.

शेवटी तांडेल. मी त्यांना माझ्या केबिनमध्ये बसवलं, सुलेमानी चहा मागवला आणि माझं हुकमी अस्त्र काढलं. काही बोलायचंच नाही. समोर फाईल ठेवायची, माणसाकडे बघत बसायचं. खात्यात मी हे अस्त्र चालवलं की दहाव्या मिनिटाला माणूस चुळबुळ करायचा, विसाव्या मिनिटाला घाम आणि अर्ध्या तासात 'साहेब, सांगतो.'

तांडेल बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते खिडकीतून खाडीकडे बघत होते, जणू कोणी त्यांना तिथे आरामाला बसवलंय. तास झाला. सव्वा तास झाला. चुळबुळ मीच करू लागलो. दीड तासाने मला लघवीला उठावं लागलं. परत आलो तर ते तसेच.

"चहा थंड झाला, सायब," ते म्हणाले. "दुसरा मागवू?"

मी फाईल बंद केली. "तांडेल, सरळ विचारतो. त्या सहा तासांत तुम्ही तिथे काय करता?"

"नांगर टाकतो."

"तळाचा रंग कसा गेला?"

"जुनी बोट हाय."

"लोक म्हणतायत तुम्ही माल विकता."

इतका वेळ शांत असलेला तो चेहरा क्षणभर हलला. मग ते हळूच म्हणाले, "म्हनू दे. लिवायचा तर लिवा. मला चोर लिवा, सायब. बोटीला काय लिवू नका."

हे वाक्य मी जबाबात उतरवून घेतलं. त्याचा अर्थ मात्र मला लागला नाही. आपल्यावर आळ घेणारी माणसं मी पाहिली होती, पण भावासाठी, मुलासाठी. लोखंडाच्या डब्यासाठी आळ घेणारा कोणी पाहिला नव्हता.

शुक्रवारी सुट्टी. मी मुद्देमालाचं पाकीट आणि लॉगबुकातल्या तारखांची यादी घरी घेऊन गेलो. खात्यात असतो तर असं कधी केलं नसतं, पण इथे माझ्याकडे मुद्देमाल खोलीच नव्हती. जेवणाच्या टेबलावर मी पाकीट एका कडेने उघडून त्या पांढऱ्या पदार्थाचं भिंगातून निरीक्षण करत होतो. मुलगी तेव्हा नववीत. ती मागून आली, वाकली, तिने एकदा हुंगलं.

"बाबा, इट्स सोप."

"काय?"

"साबण. कपड्यांचा साबण. तुम्ही सोपला अरेस्ट केलंय?" आणि ती हसत आत पळाली.

मी पाकीट पुन्हा चिकटवलं, नवी सही केली आणि काही घडलंच नाही अशा थाटात तारखांची यादी पुढे ओढली. पत्नी शेजारी भाजी निवडत होती. तिने यादीकडे सहज पाहिलं, आणि पुन्हा नीट पाहिलं.

"अहो, ही माझ्या प्रदोषांची यादी तुम्ही कशाला काढलीत?"

"कसले प्रदोष? या बोटीच्या तारखा आहेत."

ती उठली, भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन आली. दर त्रयोदशीला तिचा प्रदोषाचा उपवास. त्या चौकोनांत ती पेनाने टिंब करून ठेवायची, नाहीतर परदेशात तिथीचा पत्ता लागत नाही. तिने एकेक तारीख लावून दाखवली. त्रयोदशी. त्रयोदशी. एका ठिकाणी द्वादशी, एका ठिकाणी चतुर्दशी. सहा महिने, दर पंधरवड्याला.

मी थक्क झालो. "म्हणजे तांडेल प्रदोष करतात?"

तिने भाजीची सुरी खाली ठेवली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईची ती नजर मी ओळखतो. "अहो, ते मुसलमान आहेत. प्रदोष कशाला करतील? त्रयोदशी म्हणजे काय? दोन दिवसांवर पौर्णिमा नाहीतर अमावास्या. म्हणजे उधाण चढायला लागलेलं. समुद्राचं पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा वर येतं. आणि हे सहा तास म्हणजे काय?"

"काय?"

"ओहोटी! अर्धं पाणी उतरल्यावर टेकायचं, तेवढंच परत चढलं की सुटायचं, मधे सहा तास. देवा! रेवदंड्यात पाच वर्षांचं पोर सांगेल हे."

तिचं माहेर रेवदंडा, मी सातारचा. आमच्याकडे भरती म्हणजे पोलीस भरती. मी तसं बोललोही. ती म्हणाली, "साताऱ्यात समुद्र नाही यात त्या म्हाताऱ्याचा काय गुन्हा?"

पुढच्या त्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी कोणालाही न कळवता, बॅग घेऊन खाडीवर हजर झालो. बोट भरून तयार होती. कोठीत पीठ, कांदे, सिलिंडरं, आणि मधोमध एक भलामोठा पंप. त्या बेटावर खारं पाणी गोड करायचं यंत्र होतं, त्याचा पंप जळला होता. बेटावर मच्छीमारांची काही घरं आणि थोडे कामगार, आणि टाकीतलं पाणी तळाला गेलेलं.

"मी येतोय," मी म्हणालो.

तांडेलांनी माझ्या बॅगेकडे, माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. "या. उलटी झाली तर वाऱ्याच्या बाजूला करू नका."

मला वाऱ्याची बाजू कोणती ते कळत नव्हतं. ते मला लवकरच, माझ्याच शर्टावर, कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. नुसती पिवळट रेघ. शमाल, म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, तीन दिवस वाहून नुकता पडला होता. किनाऱ्यावर माणसं उभी होती, एक जुनी पिकअप होती आणि ओढून ठेवलेल्या दोन होड्या. तांडेलांनी इंजिन मंद केलं. नियमाप्रमाणे इथेच नांगर टाकायचा होता. मी सुकाणूच्या केबिनच्या दारात उभा होतो. खलाशी तांडेलांकडे बघत होते, तांडेल पंपाकडे.

"होडीत जाईल हा?" मी विचारलं.

"होडी बुडंल." त्यांनी वाकून पाण्याचा रंग न्याहाळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायब, तुमाला जा लिवायचा ता लिवा. मी बोट वाळूवर नेतोय."

एवढं बोलून त्यांनी हाळी दिली, "शिसा आणा!"

कोणी हललं नाही. इंजिनवाला खाली बघत म्हणाला, "चाचा, वो साब के पास है."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनुक्रमांक पंधरा माझ्या बॅगेत होता. सीलबंद.

"ते कशाला लागतं?" मी विचारलं.

"शमाल वाळू हलवतो, सायब. गेल्या खेपेला वाळू होती तिथं आज दगड उघडा पडला असंल. शिसा टाकायचा, खाली साबनाला काय चिकटून येतंय ता बघायचा. वाळू आली तर बसायचा. काय चिकटला नाय तर खडक. पानी तर उतराया लागलाय."

बावीस वर्षांत मी मुद्देमालाचं सील स्वतःच्या हाताने, पंचांशिवाय, कधी फोडलं नव्हतं. तसं केलं म्हणून दोन कनिष्ठांना मेमो दिला होता. मी बॅग उघडली, पाकीट काढलं आणि माझ्याच सहीवरून टेप फाडला.

एक खलाशी पुढच्या टोकाला उभा राहिला. शिसं भिरकावलं, दोरी मोजली, वर घेतलं. खळग्यात काही नाही. तांडेलांनी आगबोट जेमतेम दोन बोटं वळवली. पुन्हा शिसं, पुन्हा नुसता साबण. तिसऱ्यांदा वर आलं तेव्हा खळगा शिंपल्यांच्या पांढऱ्या चुऱ्याने भरला होता. तांडेलांनी तो चिमटीत घेऊन चोळला, जशी माझी आई धान्याचा दाणा चोळून बघायची. "हिथं."

आत जाता जाता त्यांनी मागे खोल पाण्यात एक नांगर सोडायला लावला. मला वाटलं चुकून पडला. "जाताना त्याचीच दोरी ओढून भाईर निघायचा," ते म्हणाले. खाचांचा बांबू पाण्यात उभा केला, पाणी निम्मं उतरल्याची खात्री केली. मग बोटीने इतक्या हलकेच वाळूला नाक लावलं की माझ्या हातातला पेला हिंदकळला नाही.

आणि मग वाट बघणं. अर्ध्या तासात पाणी बाजूला सरकलं, पाऊण तासात सपाट तळ वाळूवर ठाण मांडून बसला, तास भरता भरता आगबोट कोरड्या किनाऱ्यावर एखाद्या घरासारखी उभी. त्या झिजलेल्या फळ्या वाळूवर अंथरल्या गेल्या, पिकअप थेट बोटीच्या पोटाशी आली, यारीने पंप उचलून अलगद तिच्यात ठेवला. पोती, सिलिंडरं, कांदे, सगळं एका बाजूने जात होतं आणि बेटावरचे म्हातारे, बाया सगळे हमाल झाले होते. "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, चाललं होतं. सगळं मिळून साडेतीन तास. होड्यांनी हेच काम दोन दिवस चालतं आणि निम्मं पीठ भिजतं.

मी बूट हातात घेऊन त्या बोटीभोवती चालत एक फेरी मारली. समुद्राच्या तळावरून. तांडेल सावलीत बसून चहा पीत होते.

"हे कोणी शिकवलं?"

"गोऱ्यानं. ह्या बोटीसंगती आला होता, म्हातारा. हितंच ऱ्हायला, हितंच मेला." मग ते मनापासून बोलू लागले. गोऱ्याच्या मुलखात म्हणे बेटं पुष्कळ आणि धक्के थोडे. सोमवारी एका बेटावर कोळसा, मंगळवारी दुसऱ्यावर विटा, तिसऱ्यावर मेंढ्या. कधी शाळेचा फळा, कधी नव्या नवरीचं कपाट. ओहोटीला वाळूवर बसायचं, गाववाले घोडागाड्या घेऊन बोटीपर्यंत यायचे, फावड्याने कोळसा भरायचे. पाऊस आडवा, बोटं गारठून काळीनिळी, आणि पाणी परतायच्या आत कोठी रिकामी व्हायलाच हवी. "तो सांगायचा, उधान चढता असताना जा. उतरता असताना बसलास तर पुढचा पंधरवडा हितंच नमाज पढायचा. एकदा तो तसा बसला होता. गाववाल्यांनी बारा दिवस त्याला बटाटे खायला घातले."

"मग तांडेल, हे सगळं माझ्या केबिनमध्ये का नाही सांगितलंत? चोरी नाही, काही नाही."

"तुमच्या कागदात काय लिवलाय? तळ टेकवला तर बोट काढून टाकनार. काढली की ती मोडीत. मी काय, घरी जाईन, नातवंडा खेळवीन. ही बोट मोडली तर हिथं कोन येनार?" त्यांनी पेला झटकला. "खोटा लिवलाय मी, ता कबूल."

तेव्हा मला कळलं, माझ्या केबिनमध्ये ते दीड तास इतके स्वस्थ कसे बसू शकले. ज्याने आयुष्यभर समुद्र परतायची वाट बघितली, त्याला मी गप्प बसून घाबरवणार होतो.

अजून दोन तास बाकी होते. करायला काही नाही म्हणून मी केबिनमध्ये गेलो आणि सवयीने पंचनाम्याची प्रत काढून वस्तू ताडून बघू लागलो. अनुक्रमांक चौदा. तपासाशी संबंध नाही. रुमालाने काच पुसली. जहाज बांधणाऱ्यांचा दाखला होता तो. बोटीची लांबी, रुंदी, आणि खाली एक ओळ: या बोटीचा तळ, ओहोटीला जमिनीवर बसण्यासाठी, मुद्दाम मजबूत केलेला आहे. दोनदा वाचली. मग बाहेर येऊन तांडेलांना मोठ्याने मराठीत वाचून दाखवली.

त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "ती फ्रेम? ती तर गोऱ्यानं लावलेली. इंग्रजी कोनाला वाचता येतंय? मी नुसती रोज पुसायचो."

"रोज पुसत असता तर मला दिसली असती," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा ते खळखळून हसले.

भरती आली. मागच्या नांगराची दोरी ताठ झाली, बोट एकदा थरथरली आणि उचलली गेली.

देऱ्याला परतल्यावर मी सविस्तर अहवाल लिहिला. काही झाकलं नाही. तळ टेकवला, वारंवार टेकवला, लॉगबुकात खोटी नोंद केली, संशयिताने कबुली दिली. चोरीचा आरोप निराधार. सोबत दाखल्याची प्रत जोडली. आणि पंचनाम्यातल्या अनुक्रमांक चौदाबाबत तपासी अधिकाऱ्याने हलगर्जीपणा केला, हेही लिहिलं. मॅनेजर वाचून म्हणाले, "स्वतःविरुद्ध रिपोर्ट? साहेब, यू आर टू मच."

तांडेलांना अरबाबसमोर उभं केलं. मी शेजारी. माझ्या नोकरीची मला त्या दिवशी खात्री नव्हती. मॅनेजरांनी सगळं अरबीत सांगितलं. अरबाबनी एकच प्रश्न विचारला, बेटावर पाणी सुरू झालं का? तांडेल म्हणाले, त्याच दिवशी. मग विमावाल्यांचा माणूस बोलावला गेला. त्याने यार्डात तळ ठोकून पाहिला, दाखला वाचला, आणि परिपत्रकाला एक ओळ जोडली गेली: या एका बोटीला वाळूवर बसायची मुभा. खोट्या नोंदीबद्दल तांडेलांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली. "खलास," विषय संपला, असं अरबाब म्हणाले आणि चहा आला.

त्यानंतर पाच-सहा वर्षं ती बोट दर त्रयोदशीला जात राहिली. पुढे बेटाला पक्का धक्का झाला, मोठ्या बोटी लागू लागल्या आणि आगबोटीचं काम संपलं. तांडेल रत्नागिरीला निघाले. जायच्या आदल्या शुक्रवारी ते आमच्या शारजाच्या घरी जेवायला आले. निघताना पिशवीतून ते शिसं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि खिशातून एक चिठोरं. कोणाकडून तरी लिहून आणलं होतं: 'मुद्देमाल क्रमांक पंधरा परत मिळाला.'

"सही करा, सायब. तुमच्याकडं कागदाबिगर काय चालत नाय."

मी सही केली. पत्नी म्हणाली, "साक्षीदार म्हणून मी करते, केस मीच सोडवली आहे." तिनेही केली.

ठाण्यात नव्या पोरांना मी सांगायचो, जो गप्प बसतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं. ते आजही खरं मानतो. फक्त, तो काय लपवतोय यापेक्षा कोणासाठी लपवतोय हे आधी विचारायला हवं, एवढी भर मी त्यात उशिरा घातली. आणि जे तपासाशी संबंध नाही असं आपण ठामपणे लिहितो, ते एकदा काच पुसून बघावं.

ही मुभा मिळाल्यानंतरच्या पहिल्या फेरीचं लॉगबुक मी मुद्दाम मागवून पाहिलं होतं. मजकूर तांडेलांनी सांगितलेला, इंजिनवाल्याने उतरवलेला. 'नांगर टाकला, इंजिन तपासणी' या ओळीच्या जागी नवीन ओळ होती: 'वाळूवर बसलो. सहा तास. माल कोरडा उतरला. पाणी वेळेवर आलं.'

शिसं आता माझ्या टेबलावर कागद दाबायला असतं. खळग्यातला साबण कडक झालाय, त्यात त्या बेटाची थोडी वाळू आहे. घर आवरताना सगळं पुसलं जातं, तेवढं सोडून.